नादकाट्याने पाहिलेली ताई

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या मित्रांनो, कारण सबंध आयुष्यात मी एकच सूर काढला. दुसरा मला येतच नाही. मी एक जुना नादकाटा आहे. काटा म्हटलं म्हणून घाबरू नका, मी कुणाच्या पायात रुतत नाही. दोन दांडे वर आणि एक देठ खाली, असा माझा पोलादी देह. मला गुडघ्यावर हलकेच आपटलं की मी थरथरतो आणि माझा सूर म्हणतो. ज्याला पियानो लावायचा असतो तो माझं ऐकून पहिली तार ताणतो, मग पहिलीवरून दुसरी, दुसरीवरून तिसरी. म्हणजे बघा, वीतभरसुद्धा नसलेला मी, पण खोलीएवढ्या पियानोंना माझं ऐकावं लागायचं. थोडा गर्व होता मला, नाही म्हणत नाही.

माझा जन्म भट्टीत झाला. ज्या कारागिराने मला घडवलं तो कानाचा पक्का आणि स्वभावाचा चिडका होता. टोकाशी कानस लावली की माझा सूर चढायचा, मुळाशी लावली की उतरायचा. तो घासायचा, ऐकायचा, मान हलवायचा आणि पुन्हा घासायचा. अंगाची लाही लाही व्हायची. शेवटी एकदाचा तो थांबला, मला डोळ्यांसमोर धरून म्हणाला, "आता जन्मात तुझा सूर बदलायचा नाही." तेव्हा मला वाटलं, जगात माझ्याइतकं सरळ कुणी नसेल. हा माझा गैरसमज होता. पुढे मला ताई भेटली.

ताईच्या वडिलांनी मला विकत घेतलं. त्यांचा पियानो दुरुस्तीचा कारखाना होता. कारखाना म्हणजे काय, रस्त्याकडेची लांबट खोली, भिंतीला टेकवलेल्या तारांच्या चौकटी, सरसाचा वास, आणि जिना चढून गेलं की वर घर. वडील गमत्या माणूस. मला गुडघ्यावर आपटायचं सोडून बुटाच्या टाचेवर आपटायचे, आणि वर म्हणायचे, "ओरड बेट्या." त्यांना दोन मुलं. थोरली ताई आणि तिच्या पाठचा धाकटा. दोघांनाही त्यांनी शेजारी बसवून काम शिकवलं.

त्यांनी शिकवलेली एक गोष्ट ऐकून मी स्वतःच चाट पडलो होतो. मला वाटायचं, मी खरा, म्हणून माझ्यावरून लावलेला सगळा पियानो खरा. तसं नसतं मित्रांनो. सुरांच्या जोड्या एकामागून एक अगदी बिनचूक जुळवत गेलं, तर फिरून पहिल्या सुराशी येताना हिशेब जुळतच नाही. थोडीशी चूक उरते. ती कुणाच्या बापाला काढता येत नाही. सगळी चूक एकाच जागी लोटली, तर ती एक जोडी लांडग्यासारखी विव्हळते आणि पियानो वाजवण्यालायक राहत नाही. "म्हणून ती वाटून टाकायची," वडील सांगायचे. "प्रत्येक जोडीने एवढी एवढी घ्यायची, म्हणजे कुणालाच टोचत नाही." ताईने ते मान खाली घालून ऐकलं आणि हाताने इतकं पक्कं शिकली की वडिलांनाही मागे टाकलं. पण हात शिकले म्हणून माणूस शिकतोच असं नाही.

वडील गेले आणि कारखाना ताईकडे आला. बापरे, काय ती ताई! मी पोलादाचा, पण तिच्या मुठीत मला लोण्यासारखं वाटायचं. ती खोटं बोलत नसे, हे तर झालंच. ती गोड बोलण्यासाठीसुद्धा इकडचं तिकडे करत नसे. एकदा शेजारचा एक कंजूष म्हातारा वारला. लोक जमले, जो तो त्याच्या मोठ्या मनाचं कौतुक करू लागला. कुणीतरी ताईला म्हणालं, तुम्हीही दोन शब्द बोला. ताईने बराच वेळ विचार केला आणि म्हणाली, "ते वेळेवर यायचे." एवढंच, आणि खाली बसली. एखाद्या घरी पियानो लावून परत आल्यावर तिला शंका आली की अमुक तार केसभर चढी राहिली असेल, तर ताटावरून उठून पुन्हा त्या घरी जायची. गल्लीतली पोरं तिला फूटपट्टी म्हणत. तिला ते माहीत होतं. ती म्हणायची, "फूटपट्टी काही वाईट वस्तू नाही."

धाकटा अगदी उलटा. जिभेवर साखर. कान मात्र असा की पियानोचं झाकण उघडायच्या आधी कुठली तार रुसली आहे ते सांगायचा. दोघांची दिवसभर जुंपायची, आणि आई वरून ओरडायची, "अरे, तारा तुटतील तुमच्या आवाजाने." मला तो कारखाना फार आवडायचा.

मग ती पियानोची भानगड झाली. गावात एक बाई होत्या, घरी मुलांना वाजवायला शिकवायच्या. त्यांना आमच्याकडचा एक जुना पियानो आवडला होता. रोज येऊन त्याच्यापाशी बसायच्या, हात फिरवायच्या. दुसरा घेणं त्यांना जमण्यासारखं नव्हतं. पण त्या पियानोची खुंट्यांची फळी आतून तडकलेली होती. ज्या फळीत तारांच्या खुंट्या घट्ट बसतात तीच तडकली, तर सूर टिकणार कसा? धाकट्याला तडा दिसला. त्याने त्यात सरस आणि लाकडाचा भुसा भरला, वरून रंग दिला, आणि पियानो बाईंना दिला. ताईला त्याने काही सांगितलं नाही.

थोडे दिवस बरे गेले. मग बाईंचा निरोप आला की सूर उतरतोय. ताई मला घेऊन गेली. तिने पहिली खुंटी फिरवली आणि ती लोण्यात फिरावी तशी फिरली. ताईने हत्यारं आवरली. घरी आली आणि धाकट्याला विचारलं, "तुला माहीत होतं?"

"माहीत होतं," तो म्हणाला. "पण मला वाटलं टिकेल. ताई, त्या बाई रोज येऊन बसायच्या गं. नाही म्हणवेना."

"दयेपोटी असलं तरी खोटं ते खोटंच."

दुसऱ्या दिवशी ताईने हातगाडी बोलावली. कारखान्यातला सगळ्यात चांगला पियानो, वडिलांचा स्वतःचा, तिने बाईंच्या घरी पोहोचवला आणि दारात उभं राहून सगळं सांगितलं. तडा, सरस, भुसा, रंग, काही लपवलं नाही. मग घरी येऊन धाकट्याला म्हणाली, "दोष माहीत असून जो गप्प बसतो, तो माझ्या छपराखाली राहणार नाही." तिने त्याची ट्रंक स्वतः जिन्यावरून खाली आणली. धाकटा पाया पडला नाही, भांडलाही नाही. ट्रंक उचलली आणि गेला.

आई जिन्यात बसून होती. ती म्हणाली, "तुझ्या बापाने चूक सगळ्यांत वाटून घ्यायला शिकवलं. तू सगळी एकाच्या डोक्यावर ठेवलीस, पोरी."

"आई, ती तारांची गोष्ट," ताई म्हणाली आणि कामाला लागली. त्या दिवशी तिने मला इतक्या जोरात गुडघ्यावर आपटलं की तिचा गुडघा नक्की काळानिळा झाला असणार.

वर्षं गेली. धाकटा गावातच होता. एका सुताराकडे टेबलखुर्च्यांना पॉलिश करायचा आणि दुकानामागच्या दोन खोल्यांत राहायचा. ताई समोरून येताना दिसली की रस्ता ओलांडायचा. आई दर थोड्या दिवसांनी डबा घेऊन घराबाहेर पडायची. एकदा ती पदराखाली डबा लपवत होती, तेव्हा ताई म्हणाली, "कुठे चाललीस ते मी विचारणार नाही, म्हणजे तुला खोटं बोलावं लागणार नाही." आई तिच्याकडे बघतच राहिली. मीही. एवढी कठोर बाई आणि एवढी मायाळू, एकाच वाक्यात! मला तिची भीतीही वाटायची आणि अभिमानही.

आता जे सांगतो ते सगळ्यांत आधी मला कळलं होतं. नादकाट्याचा आवाज एकदम थांबत नाही. बारीक होत होत, धाग्यासारखा होऊन विरतो. ताई तो धागा अगदी शेवटपर्यंत ऐकायची. पण एके दिवशी मी अजून म्हणतच होतो आणि तिने मला खाली ठेवलं. मला वाटलं, घाईत असेल. पुढच्या वेळी तिने त्याहून आधी ठेवलं. मग तर मी पुऱ्या जोरात असतानाच ती मला हलवून बघायची, हा बंद पडला की काय. मित्रांनो, मी ओरडत होतो आणि तिला ऐकू येत नव्हतं. इतका एकटेपणा मला कधी वाटला नव्हता.

तीही काही कच्ची नव्हती. तिने माझा देठ कानामागच्या हाडावर टेकवला. तिथून मी तिला थोडा ऐकू आलो. मग तिने मला दातांत धरलं, आणि मी थेट तिच्या डोक्यात वाजलो. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यानंतर ती तसंच काम करू लागली. मी दातांत, कपाळ पियानोच्या लाकडाला टेकलेलं, डोळे मिटलेले. हाडांतून ऐकून ती पियानो लावायची, आणि खरं सांगतो, बरोबर लावायची. घरोघरचे लहान पियानो सगळे नीट लागले. पण कान गेला हे तिने कुणाला सांगितलं नाही. काम बरोबर होतंय तर सांगायचं कशाला, असं तिने स्वतःला समजावलं असावं. माणूस स्वतःचा वकील फार चांगला असतो. आई मात्र सारखं म्हणायची, "अगं, हाका मारून घसा बसला माझा."

मग गावच्या सभागृहातलं काम आलं. बाहेरगावचा एक मोठा वादक संध्याकाळी वाजवणार होता. ताई सकाळी गेली. मंचावर माणसं खुर्च्या ओढत होती, शिड्या सरकवत होती, पायाखालचं सगळं लाकूड थरथरत होतं. ताईने कपाळ टेकलं तर तिच्या डोक्यात पियानोबरोबर खुर्च्याही वाजल्या. तरी तिने काम पुरं केलं आणि व्यवस्थापकाला मान हलवून सांगितलं, झालं.

दुपारी वादक आला. बसला, वाजवलं आणि मध्येच थांबला. मधल्या सुरांतल्या दोन तारा उघड उघड भांडत होत्या. मलासुद्धा लाज वाटली. सगळ्यांनी ताईकडे पाहिलं. व्यवस्थापक बिचारा तिला मानणारा. तो घाईघाईने जवळ येऊन मोठ्याने म्हणाला, "हवा बदलली हो. सकाळी केवढी दमट होती. ताईंचं काम चुकणं शक्यच नाही." शिडीवरचा दिवेवाला म्हणाला, "हवाच आहे ती." वादकही समजूतदार. तो म्हणाला, "होतं असं."

बघा, किती सोपं होतं. नुसती मान हलवायची होती. हवा काही तक्रार करायला येणार नव्हती.

ताई पियानोपाशी गेली. सगळ्यांना हाताने थांबायला सांगितलं, कपाळ लाकडावर टेकलं आणि तो सूर दाबला. मंच आता शांत होता. तिने ऐकलं, आणि ती सरळ उभी राहिली.

"ही हवा नाही," ती म्हणाली. "मी चुकले. मला ऐकू येत नाही. बरेच महिने झाले. मला माहीत होतं आणि मी सांगितलं नाही."

सभागृहात कुणी खुर्चीसुद्धा सरकवली नाही. मी तिच्या मुठीत होतो. त्या मुठीला घाम फुटला होता, पण ती हलत नव्हती. मी मोठमोठे वादक जवळून पाहिले आहेत, टाळ्यांचा कडकडाट ऐकला आहे. पण तेवढं मोठं माणूस मी त्या मंचावर दुसरं पाहिलं नाही. व्यवस्थापकाने तिच्या कानाशी येऊन विचारलं, "मग आता संध्याकाळचं कसं?" ती म्हणाली, "माणूस शोधून पाठवते," आणि निघाली.

तुम्हाला वाटेल, गोष्ट संपली. छे! तुम्ही ताईला ओळखलंच नाही. ती घरी आली, आपली पेटी काढली आणि त्यात कपडे भरायला लागली.

"कुठे निघालीस?" आईने विचारलं, मग पुन्हा ओरडून विचारलं.

"दोष माहीत असून मी गप्प बसले. त्याला जो नियम, तो मला. मी इथे राहू शकत नाही."

आई आधी हसली. मग तिला कळलं की ही थट्टा नाही, आणि ती मट्‌कन खाली बसली. म्हातारपणी लेक घर सोडून निघाली होती, आणि तेही स्वतःच स्वतःला हाकलून. दुसऱ्या कुणाच्या घरात असं झालं असेल असं मला वाटत नाही. आई रडेल असं वाटलं होतं. पण ती उठली, ताईच्या कानाशी तोंड नेलं आणि एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "जायचंच असेल तर तो राहतो तिथे जा. तुला घर हवंय आणि सभागृहाला माणूस. दोन्ही तिथेच आहे."

"त्याने काम सोडलंय."

"कुणी सांगितलं? ज्यांना फसवलं ना, त्या शिकवणीच्या बाईंनी त्याला कधीच माफ केलं. तुझ्या बापाचा तो पियानो आज तोच लावतो. तुला बोलावणं यायचं बंद झालं ते कशामुळे वाटलं?"

ताई पेटीची कडी लावत होती. तिचा हात थांबला. मग तिने एका हातात पेटी घेतली, हत्यारांची पिशवी खांद्याला अडकवली, मला दुसऱ्या मुठीत धरलं आणि भर दुपारी चालत निघाली.

धाकटा दाराबाहेर एका टेबलाला पॉलिश करत होता. समोरच्या खिडकीत शिंपी मशीन चालवत होता. ताई जाऊन उभी राहिली.

"धाकट्या, मला घराबाहेर काढलंय."

"कुणी?"

तिला ऐकू आलं नाही. त्याने मोठ्याने विचारलं.

"मीच," ती म्हणाली आणि सगळं सांगितलं. कान, दात, सभागृह, हवा. "आई म्हणाली इथे जा. तुला नको असेन तर तसं सांग, मी पुढे जाते. पण आधी तो पियानो लावून दे. त्या लोकांचा काही दोष नाही."

धाकटा हातात फडकं धरून उभा राहिला. त्याने हळू आवाजात काहीतरी विचारलं.

"काय?"

त्याने पुन्हा विचारलं.

"अं? मोठ्याने बोल रे."

मग तो इतक्या जोरात ओरडला की शिंप्याचं मशीन थांबलं. "ताई, माझी शिक्षा किती दिवसांची होती?"

ताईने पेटी आणि पिशवी खाली ठेवली.

"तू सांगितलंच नाहीस," तो ओरडत होता, कारण ओरडल्याशिवाय तिला ऐकू येत नव्हतं, आणि सगळी गल्ली ऐकत होती. "आधी वाटलं, वर्षभराची असेल. मग बाईंनी माफ केलं, तेव्हा वाटलं, आता बोलावशील. जिन्याखाली कितीदा येऊन उभा राहिलो. मग येणं सोडलं."

सभागृहात न हललेली ताईची मूठ आता हलत होती. मी त्या थरथरीने आपोआप वाजेन की काय असं मला वाटलं.

"ठरवायचं राहूनच गेलं रे," ती म्हणाली. "तुला बाहेर काढलं ते बरोबर होतं. ते मी आजही म्हणेन. पण दार कधी उघडायचं, हे ठरवायचंच राहून गेलं. माझी चूक तुझ्या चुकीपेक्षा मोठी आहे." आणि ती त्या ओल्या पॉलिशच्या टेबलावर तशीच बसली आणि रडली. तिला रडताना मी पहिल्यांदा पाहत होतो.

धाकट्याने हात पुसले. तिच्या पायाशी ठेवलेली हत्यारांची पिशवी खांद्याला लावली. "आधी पियानो," तो ओरडला. "संध्याकाळ कुणासाठी थांबत नाही. आणि तुझी शिक्षा मी ठरवतो. पियानो लागेपर्यंत. नंतर घरी. आई एकटी आहे."

ताईने डोळे पुसले आणि अगदी मनापासून विचार केला. "कमी होते," ती म्हणाली.

"असू दे."

ती उठली. लुगड्याला मागून पॉलिश लागलं होतं, ते तिला कुणी सांगितलं नाही. मलाही तेवढं एक लपवाछपवीचं पाप माफ असावं.

त्या संध्याकाळी पियानो असा वाजला की काय सांगू. आता मी पुन्हा त्याच कारखान्यात आहे. माझं काम हल्ली फोनसुद्धा करतो म्हणतात, करू दे बापडा. ताई लाकूड आणि तारांचं काम बघते, धाकटा सूर लावतो, आणि दारात पाय टाकणाऱ्या प्रत्येकाला ताई आधी सांगते, "मला कमी ऐकू येतं." ती जरासुद्धा मऊ झालेली नाही. होऊही नये. तिच्याइतकं सरळ राहता येत असेल तर जरूर राहा मित्रांनो, जगात तशी माणसं फार थोडी असतात आणि ती जपून ठेवावी लागतात. चुकणाऱ्याला शिक्षाही करा. फक्त ती कधी संपणार, हे त्याच वेळी त्याला सांगा. कारण तो जिन्याखाली उभा राहून वाट बघत असतो, आणि वरच्या माणसाला ते ऐकू येत नाही.